नसलेल्या हीटरची गरम हवा

बातमीच्या डेस्कवर मी सव्वीस वर्षं काढली. झपाटलेल्या बंगल्यांच्या, आपोआप वाजणाऱ्या घंटांच्या कितीतरी बातम्या माझ्या टेबलावरून परत गेल्या. कोणी पाहिलं, कुठे, किती वाजता – एवढं विचारलं की बहुतेक गोष्टी तिथेच संपायच्या. आता तेच प्रश्न स्वतःला विचारून लिहिते आहे. पाहणारे तिघं. जागा – चेन्नई बंदराच्या उत्तरेला, एन्नोरकडे जाणारा रस्ता. वेळ – सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. भर उन्हाची.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णा मूळचे साताऱ्याचे, निलगिरीतल्या संरक्षण कारखान्यात लेथवर काम करणारे टर्नर होते. तिथे असताना त्यांनी ही जुनी, विलायती बनावटीची करडी गाडी घेतली. थंड हवेच्या गावची गाडी, म्हणून तिला हीटर. इंजिनचं गरम पाणी रबरी नळीतून, म्हणजे होजमधून, डॅशबोर्डखालच्या पेटीत येतं, तिथल्या छोट्या जाळीतून फिरतं आणि पंखा ती ऊब आत सोडतो. बदली होऊन आम्ही चेन्नईला आलो आणि ती जाळी गळायला लागली. अण्णांनी जाळीच काढून टाकली आणि येणारी-जाणारी पाण्याची वाट इंजिनच्या बाजूलाच एका होजने जोडून दिली. इथल्या उकाड्यात हीटरची आठवण कोणाला येणार? जाळी मीच वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून माळ्यावर टाकली होती.

या मे महिन्यात गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. मंगळवारी अकराच्या आत गाडी स्वतःच्या इंजिनावर तपासणीच्या मैदानात पोचायला हवी होती. अण्णा ब्याऐंशीचे. आमच्यात ठरलं होतं – पास झाली तर गाडी राहील, नाही झाली तर भंगारवाल्याला फोन मी करायचा.

"कर," अण्णा म्हणाले होते. "फक्त मी घरात असताना करू नकोस."

आणि सोमवारी दुपारी इंजिनखाली पाण्याचं थारोळं!

सेल्वम आला. गेली वीस वर्षं हाच आमचा मेकॅनिक. तो तमिळच बोलतो, मी इथे मराठी करून देते आहे. त्याने बॉनेट उघडून बॅटरी मारली. "हीटर होज, सार. वाकलाय तिथेच चीर." मग माझ्याकडे बघून हसला. "मद्रासला हीटर एदुक्कु, कशाला, मॅडम? दार उघडलं की हीटरच."

"हसू नकोस," अण्णा म्हणाले. "कुन्नूरच्या घाटात याच हीटरने इंजिन वाचवलंय. गाडी तापली की हीटर पूर्ण उघडायचा, इंजिनची आग आत ओढून घ्यायची. आपण घामाघूम, पण गाडी वर. तुम्हा सपाटीच्या मेकॅनिकांना काय कळणार?"

"सरि, बरं, सार. घाट लागला की सांगा."

जॉर्ज टाउनमधल्या रबराच्या दुकानातून सेल्वमने नवा होज आणला. सरळ होज वळवला की चेपतो, म्हणून त्याने आत स्प्रिंग घातली, दोन्ही टोकांना नवे क्लॅम्प आवळले. या गाडीत आजवर नळाचंच पाणी गेलं होतं. त्याने पहिल्यांदाच इंजिन थंड ठेवणारं गुलाबी कूलंट भरलं – गळलं तर लगेच दिसावं म्हणून. अर्धा तास इंजिन चालवलं. एक थेंब नाही. सवयीप्रमाणे मी सगळ्याचे फोटो काढले. हीटरच्या पेटीचाही. पेटी रिकामी होती, नुसता पंखा.

मंगळवारी सव्वानऊला निघालो. मी चालवत होते, डावीकडे अण्णा, मागे पाण्याचा कॅन घेऊन सेल्वम. बंदराची भिंत ओलांडली आणि कंटेनर लॉऱ्यांच्या रांगेत अडकलो. पुढे लॉरी, मागे लॉरी, दोन्ही बाजूंना लॉरी. दहा वाजून दहा मिनिटांनी तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला.

"बंद करा, मॅडम," सेल्वम म्हणाला. "इंजिनचं हेड जाईल."

"बंद केली तर परत चालू होईल?"

तापल्यावर ही गाडी तासभर चालू होत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. अण्णांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"मेधा, हीटर उघड," ते म्हणाले.

आरशात सेल्वमची आणि माझी नजर भेटली. जाळी स्वतःच काढली होती, हे अण्णा त्या घाईत साफ विसरले होते. "सार, पण त्यात..." सेल्वमने सुरुवात केली. मी मान हलवून त्याला थांबवलं. त्या क्षणी म्हाताऱ्या माणसाला ते ऐकवणं मला जमलं नसतं. मी नॉब पूर्ण ओढला आणि पंखा लावला.

आधी धूळ आली. मग गरम हवा. मग इतकी गरम की माझ्या पायाची बोटं आपोआप आखडली.

यात अजून नवल नव्हतं – रिकाम्या पेटीतून इंजिनजवळची हवा आत येऊ शकते. पण काटा हलला. लाल पट्टीतून बाहेर आला, पाऊण, मग अर्ध्यावर. गाडी जागची इंचभरही हलली नव्हती. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"अय्यो, मुरुगा," मागून सेल्वम पुटपुटला.

"घाट लागला म्हण," अण्णा म्हणाले. त्यांचा शर्ट घामाने चिकटला होता आणि ते हसत होते.

पुढचा अर्धा तास आम्ही तसाच काढला. मैदानात शिरलो तेव्हा अकराला आठ कमी होते. तपासनिसाने बॉनेट उघडायला सांगितलं. सेल्वमचा होज वळणावर तसाच होता, क्लॅम्प कोरडे, हीटरकडे काहीही जोडलेलं नाही. दिवे, ब्रेक, हॉर्न बघून झालं. पास. अण्णा गाडीभोवती एक फेरी मारून परत आपल्या जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी एका इंजिनिअर मित्राला फोटो दाखवले. "रिकाम्या पेटीने इंजिन थंड होत नाही," तो म्हणाला. "काटा बिघडला असेल." काटा तपासला. ठीक आहे. त्यानंतर दोनदा गाडी मुद्दाम तापवून नॉब ओढला. आत थोडी कोमट हवा आली, काटा हलला नाही.

आणखी एक गोष्ट. मंगळवारी संध्याकाळीच मी माळ्यावर चढले होते. जाळी होती तिथेच होती. सुतळीची गाठ माझीच, वर बोटभर धूळ. कागद सोडवला, सगळा कोरडा, पिवळा. जाळी हातात घेऊन तिरकी केली. नळीच्या तोंडातून तीन थेंब कागदावर पडले.

गुलाबी.

तो कागद मी घडी घालून ठेवला आहे. सेल्वमने तो पाहिला, हात जोडले आणि विषय बदलला. अण्णांना दाखवलेला नाही. येईल त्याला ते एकच सांगतात, हीटर उघडला म्हणून गाडी वाचली. ही बातमी माझ्याकडे आली असती तर मी परत पाठवली असती. पण त्यातलं कुठलं वाक्य खोडायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.