होणाऱ्या व्याह्यांना सोडायला

होणाऱ्या व्याह्यांना मी विमानाच्या दारापर्यंत सोडायला गेलो आणि भरात थोडा पुढेही गेलो. थोडा म्हणजे साधारण दहा हजार फूट. (आणि पुढे नव्हे, खाली.)

आता हे असं का झालं ते सांगतो, म्हणजे तुम्ही मला मूर्ख म्हणायच्या आधी निदान पूर्ण माहितीनिशी म्हणाल.

मंगरूळपीरच्या बाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, मिरची, पालक. घरात मी, माझी बायको सुमन आणि मुलगी मीनल. मीनलला शेलूबाजारच्या किसनरावांच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा चांगला, मीनललाही मनापासून आवडलेला. अडचण एकच होती, किसनराव. त्यांचं बियाण्याचं दुकान आहे आणि स्वभाव असा की मान कमी पडला की माणूस उठून चालू लागतो. याआधीची एक सोयरीक त्यांनी का मोडली होती, ठाऊक आहे? मुलीच्या बापाने यांना फाटकातूनच राम राम केला आणि आत जाऊन टीव्ही लावला! तो आवाज किसनरावांना रस्त्यापर्यंत ऐकू आला. संपलं.

आमच्याकडे पाहुण्याला सोडायला जाणं हे साधं काम नाही. ओळखीचा माणूस असेल तर फाटकापर्यंत जायचं, नातेवाईक असेल तर फाट्यापर्यंत. आणि व्याही असतील तर त्यांना जीपमध्ये खिडकीजवळ बसवून द्यायचं, ड्रायव्हरला दोनदा बजावायचं आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उन्हात उभं राहायचं. त्यात हे असले व्याही! ते मुलगी बघायला येणार त्या सकाळी सुमनने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"आवो, ऐका नं. किसनराव कुठंबी निघाले का तुमी मांगं निघजा. हात धुवाले गेले तरी मांगं जाजा."

"अवं, हात धुवाले कायले?"

"मले कारन नोका इचारू. पोरीच्या जीवाचा सवाल हाय."

ते बरोबरच होतं. मीनल दोन दिवस धड जेवली नव्हती. मी मान डोलावली. (लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझी मान आता आपोआप डोलते.)

नेमका त्याच दिवशी माझा पुतण्या संदीप घरी होता. हा पोरगा माणसांना स्वतःच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधून विमानातून उडी मारतो. हीच त्याची नोकरी! शेलूबाजारजवळ त्यांचं काही दिवसांचं शिबिर लागलं होतं. विमान शेजारच्या जिल्ह्यातून उडायचं आणि माणसं आमच्याकडे, सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात उतरायची. पोह्यांची बशी हातात घेऊन किसनराव हे सांगणाऱ्या संदीपकडे एकटक बघत होते. मुलीला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. संदीपला मात्र विचारला.

"मलेबी जमते काय रे हे?"

"जमते नं! तुमाले फक्त लोंबकळाचं हाय. बाकी समदं थापा करते." थापा हा संदीपचा जोडीदार, त्याच्याच कामावरचा.

"मंग उद्याच जमव!"

मी हसलो. माझं हसू संपायच्या आत सुमनचा आवाज आला, "हेबी येतेत तुमच्यासंगं! पावन्याले एकट्याले वर कसं धाडाव?"

झालं!

संध्याकाळी संदीपने मला खाटेवर बसवून समजावलं. मळ्यातली दोन वांगी घेतली आणि खाटेच्या काठावरून एक खाली टाकलं.

"काका, हे किसनराव न थापा. हे गेले का लगेच नाई जाचं. मी एकपासून दहालोक मोजीन. तवर विमान पुढं जाते, न दोन जोड्यायमदी अंतर पडते. वर वारा जोरात असला तं आखीन जास्त थांबाचं. लगेच उडी मारली तं छत्र्या उघडताना एकमेकात गुतते. समजलं?"

"संदीप," मी म्हणालो, "तीस वर्षं झाली वांगे लावून राह्यलो. दोन झाडायमदी अंतर कायले ठेवाव, हे तू मले शिकवतं का?"

तो खूश झाला. मीसुद्धा झालो. असा हुशार विद्यार्थी त्याला कधी मिळाला नसेल.

दुसऱ्या दिवशी विमानात बसलो. बसलो म्हणजे मी संदीपच्या पुढ्यात बसलो आणि त्याने मला चार ठिकाणी स्वतःला अडकवून घेतलं. माझं वजन नव्वद किलो, त्याचं पासष्ट. समोर किसनराव थापाच्या पुढ्यात, चेहरा कोरा. वर पोहोचल्यावर दार उघडलं आणि जो वारा आत आला, त्याने माझ्या तोंडातलं रामनाम परत घशात ढकललं.

थापा किसनरावांना घेऊन दाराशी सरकला. त्यांच्या मागोमाग आम्ही सरकलो. किसनरावांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि पुढच्या क्षणी दारात नुसतं आभाळ!

संदीपने माझ्या कानात मोजायला सुरुवात केली. "एक..."

मला दहापर्यंत थांबायचं होतं. मला ते पाठ होतं. मला त्यामागचं कारणसुद्धा पाठ होतं! पण माझे होणारे व्याही माझ्या डोळ्यांदेखत दारातून निघून गेले होते आणि मी आत बसून होतो. बायकोचं ऐकायची सव्वीस वर्षांची सवय दहा आकड्यांना जुमानते होय?

"दो..." संदीप म्हणाला.

आणि मी निघालो! पाय टेकवून, पाहुण्यांच्या मागे पायरी उतरावी तसा. नव्वद किलो निघाल्यावर पासष्ट किलो काय करणार? तेही निघाले.

"काकाऽऽऽ!"

खाली, फार खाली नव्हे, किसनराव आणि थापा दिसत होते. मी हात जोडले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "सावकाश जाजा, पावने! घरी पोचल्यावर फोन करजा!"

तेवढ्यात जोरात हिसका बसला. संदीपने आमची छत्री वरच्या वरच उघडली होती, म्हणजे ते दोघं खाली निघून जावेत आणि आम्ही वर राहावं. एकदम शांत झालं. आम्ही दोघं आभाळात टांगलेले आणि वारा आम्हाला निवांत भलतीकडे नेत होता.

संदीपने आधी वर छत्रीकडे नीट बघून घेतलं आणि मग विचारलं, "काका, काहून उडी मारली?"

"पावन्याले सोडाले."

"त्याइच्यासंगं थापा होता नं!"

"थापा काय आपला नातेवाईक हाय?"

संदीपने छत्रीची एक दोरी ओढली. मग हळूच म्हणाला, "आपली छत्री त्याइच्या छत्रीत गुतली असती तं चौघंबी गेलो असतो, काका." तेव्हा मात्र मला मनापासून लाज वाटली. अख्खं आयुष्य रोपांमध्ये अंतर ठेवण्यात गेलं आणि माणसांच्या वेळी मी घाण केली होती.

ठरलेल्या वावरापासून चार किलोमीटरवर, आदल्याच दिवशी पाणी दिलेल्या तुरीत आम्ही उतरलो. म्हणजे मी चिखलात उतरलो आणि संदीप माझ्यावर. उठायला गेलो तर नवीनच अडचण! चिखलाने आणि काड्यांनी आम्हाला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या कड्या अशा गच्च बसल्या की काही केल्या निघेनात. शेवटी छत्रीचं बोचकं पोटाशी धरून पुढे मी, पाठीला चिकटलेला पुतण्या मागे, असे आम्ही पाय जुळवत रस्त्यावर आलो.

एक जीप उभी होती. ड्रायव्हरने आम्हाला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"एक सवारी का दोन?"

"दोन," संदीप माझ्या मागून म्हणाला.

"मंग दोन जागा लागतीन. न आखीन चार सवाऱ्या आल्याबिगर गाडी निघत नाई."

चार सवाऱ्या जमायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी पुतण्याच्या मांडीवर बसून होतो. येणारी प्रत्येक सवारी आधी आमच्याकडे बघायची आणि मग लांबच्या सीटवर जाऊन बसायची.

ठरलेल्या वावरात पोहोचलो तेव्हा किसनराव खुर्चीवर बसले होते. पायांत बूट, खांद्यावर दुपट्टा, निघायच्या तयारीत. बाजूला सुमन चहाचा कप हातात घेऊन उभी. तो चहा त्यांनी घेतलेला नव्हता. मीनलचे डोळे लाल झाले होते.

"या," किसनराव म्हणाले. "मी दीड घंट्यापासून खाली येऊन बसलो. तुमचा पत्ता नाई! पावन्याले दारातून लोटून देलं, न सोताले कुठं फिराले गेले होते?"

"किसनराव, मी तं तुमच्या मांगंच..."

"मांगं? मले तं कोनी दिसलं नाई."

दिसणार कसं? थापाने नंतर सांगितलं, उडी मारल्यापासून जमिनीला पाय लागेपर्यंत किसनरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते! मी चार जीव टांगणीला लावले, अर्धा बिघा तूर तुडवली आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्यांनी बघितलंच नाही. ते उठले. सोयरीक माझ्या डोळ्यांसमोर बूट घालून चालायला लागली होती.

तेव्हा माझ्या पाठीमागून एक हात पुढे आला. संदीपचा. मनगटावर उडीचं चित्रीकरण करणारा त्याचा छोटा कॅमेरा होता.

"मामाजी," तो किसनरावांना म्हणाला, "जाच्या आंधी हे पाहून घ्या."

उन्हात हाताचा आडोसा करून किसनरावांनी त्या एवढ्याशा पडद्यावर पाहिलं. त्यात मी होतो. गाल कानापर्यंत फडफडताहेत, डोळे बाहेर आले आहेत आणि हात जोडलेले. आवाज वाऱ्यात अर्धा हरवलेला, तरी "सावकाश जाजा, पावने" स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग खुर्चीवर बसले. दुपट्ट्याने डोळे पुसले आणि सुमनच्या हातातला गार चहा एका दमात संपवला.

"लोकं मले फाट्यालोक सोडाले आले," ते म्हणाले. "जीवावर उदार होऊन कोनी नाई आलं. पोरगी आमची झाली." आणि मग माझ्याकडे वळून जरा आवाज चढवला, "पन व्याही, हात जोडतो, आजपासून मले सोडाले येत नोका जाऊ!"

मीनल रडत हसली. मीसुद्धा रडलो, आणि पाठीला चिकटलेला असल्यामुळे संदीपही हलला.

किसनराव निघाले. त्यांचा शब्द पाळायचा म्हणून मी जागेवरून हात जोडले. तेवढ्यात सुमनने कोपराने ढोसलं, "आवो, पाह्यता काय? ते म्हनतीनच तसं. जा नं सोडाले!"

मी पुन्हा निघालो. ते दहा पावलं पुढे, मी आणि संदीप मागे, आणि त्यांनी वळून पाहिलं की आम्ही दोघं शेजारच्या वावरातल्या तुरीच्या आड. आता गावात लोक मला हिंमतवाला माणूस म्हणतात. हिंमत असती तर आदल्या दिवशी पोह्यांच्या वेळी बायकोला नाही म्हटलं असतं आणि विमानात चढलोच नसतो.