ज्याची मागणी, त्यानं बोलायचं नाही

अण्णा गेल्याचं मला मल्लूनं सांगितलं, तेही फोनवर. मल्लू हा काही हळू बोलणारा माणूस नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात तो गठ्ठे चढवणाऱ्या टोळीत आहे; त्यानं ट्रकवरून हाक मारली की शिलाई खात्यात आम्हाला ऐकू येते. त्या दुपारी मात्र त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मी आधी त्यालाच विचारलं, "बरा हाईस न्हवं रे?" तो म्हणाला, "मी बरा हाय, अक्का... अण्णा जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." अण्णा म्हणजे सिद्राम अण्णा, आमच्या युनियनचे कित्येक वर्षांचे सेक्रेटरी. रंगखात्यातून रिटायर झाले तरी गेटवरची फेरी त्यांनी सोडली नव्हती. आदल्याच आठवड्यात मला गेटवर अडवून, कंत्राटी बायकांच्या लेकरांना आपल्या पाळणाघरात का घेत नाहीत, म्हणून तावातावानं बोलून गेले होते. असा माणूस कुणाशीही न भांडता, झोपेत जातो, हे अजून माझ्या गळी उतरत नाही.

गेलेल्या माणसाला साधा, निगर्वी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. अण्णांच्या बाबतीत तशी सोय नाही. त्यांना आपल्या आवाजाचा गर्व होता, मिशीचा होता आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाचा तर फारच होता. "रंगखात्यात जन्म काढला, पर डाग दाखीव एक," असं म्हणून ते नव्या माणसापुढं गोल फिरून दाखवायचे. मी कुंभारीची, जय भीम म्हणणारी. ते लिंगायत, नमस्काराला "शरणार्थी" म्हणणारे. वर्षभरात कधी ते मला जय भीम घालायला लागले आणि मी त्यांना शरणार्थी म्हणायला लागले, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. भांडायचो मात्र दोन्ही नमस्कार झाल्यावर.

आमचं पहिलं भांडण पाळणाघरावरून झालं. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. सासू शेतावर, नवरा रिक्षावर, आणि मी कुंभारीहून अख्खं सोलापूर ओलांडून चिंचोळीला कामावर. लेकराला शेजारणीकडं टाकून किती दिवस भागणार? पाळणाघर झालं नाही तर मला काम सोडावं लागणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. कायद्यात पाळणाघर होतं, पण तो कायदा साहेबांच्या कपाटात होता. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आमच्या युनियनचं ऑफिस आहे. खाली गिरणी सुरू झाली की वर चहाचे कप थरथरतात. तिथल्या मीटिंगला मी रात्रभर मनात घोळवलेलं भाषण घेऊन गेले, आणि अण्णांनी सांगितलं, "साहेबाम्होरं तू बोलायचं न्हाय. मल्लू बोलंल."

हाच त्यांचा नियम. ज्याची मागणी, त्यानं बोलायचं नाही. ज्याला त्यातून काहीही मिळणार नाही, त्यानंच ती मांडायची. माझं डोकंच फिरलं. आमच्या वस्तीत आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, की आपलं म्हणणं आपण मांडायचं, दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायचं नाही. आणि इथं माझ्या लेकराचं गाऱ्हाणं मांडणार कोण, तर मंद्रूपचा बिनलग्नाचा हमाल! मी तडातडा बोलले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुला बोलता येतंय ग. माझ्यापरीस बरं येतंय. पर तू बोललीस तर ती तुजी अडचण. मल्लू बोलला तर ती कारखान्याची अडचण." ते मला पटलं. म्हणून मी आणखीनच चिडले.

नियमाचा दुसरा भाग असा की, जो बोलणार त्यानं आधी एक दिवस त्या अडचणीत काढायचा. रविवारी सकाळी मल्लू शेंगांची पुडी घेऊन कुंभारीला हजर झाला. मी नवऱ्याला मुद्दाम बाहेर पाठवलं, लेकीला मल्लूच्या हातात दिलं, दूध कुठं आहे, लंगोट कुठं आहे ते दाखवलं आणि सरळ मैत्रिणीकडं निघून गेले. मनातून म्हणत होते, आता कळू दे. तासाभरातच माझा जीव राहिना, पण मी हट्टानं जेवणवेळेपर्यंत थांबले. परतले तेव्हा हा पहिलवान गडी अंगणात येरझाऱ्या घालत कानडीत "जो जो" म्हणत होता. शर्ट ओला, मिशीला दूध लागलेलं, आणि शेंगांची पुडी तशीच. मला बघून म्हणाला, "अक्का, गठ्ठा परवडला. गठ्ठा खाली ठिवला की गप तरी बसतोय."

साहेबांपुढं तो हेच बोलला, याच शब्दांत. साहेबांनी विचारलं, "तुला मूल आहे?" म्हणाला, "न्हाय." "लग्न झालंय?" "न्हाय." "मग तुझा काय संबंध?" मल्लू म्हणाला, "काईच न्हाय, साहेब. म्हणून तर फिरून फिरून येणार हाय मी. ज्यांची लेकरं हाईत त्या बायांना लेकरापायी रजा घ्यावी लागती, मला काय लागत न्हाय." आणि खरंच तो येत राहिला. शेवटी स्टोअरच्या मागची खोली रिकामी झाली, चुना लागला, झोळ्या टांगल्या गेल्या. माझी नोकरी राहिली, त्यावर घर उभं राहिलं, आणि त्या झोळीतली पोरगी आज कॉलेजात आहे. पुढं रंगखात्याच्या गमबुटांसाठी मला बोलायचं होतं, म्हणून मी एक अख्खी पाळी त्या वाफेत आणि रंगाच्या पाण्यात उभी राहिले. घरी आले तेव्हा पाय घोट्यापर्यंत निळे होते. त्यानंतर अण्णांच्या पांढऱ्या शर्टाची मी कधीच चेष्टा केली नाही.

नियम कधी कधी तोंडावर आपटायचाही. शिलाई खात्याला ट्यूबलाइट हव्या होत्या. बोलायचं होतं रंगखात्यातल्या बाशाभाईनं. त्याचा जन्म गेला वाफेत. त्यानं आमच्याकडं अर्धा दिवस काढला आणि साहेबांपुढं जाऊन पंखे मागितले. पंखे ताबडतोब मिळाले! मग दिवसभर टॉवेलचा कापूस उडून आमची तोंडं म्हाताऱ्यांसारखी पांढरी. बाशाभाई बिचारा म्हणाला, "मेरेकू लगा गर्मीच होती सबकू." अण्णा पोट धरून हसले, पण नियम काही बदलला नाही. "अर्धा दिस थांबला, अर्धंच कळलं," एवढंच म्हणाले.

या सगळ्यात एक घर होतं, जिथं अण्णा फारसे नसायचेच. ते त्यांचं स्वतःचं. त्यांच्या बायकोला, नीलव्वा वहिनीला, मूल झालं नाही. ती कडक भाकऱ्या करून विकायची आणि संसार ओढायची. आम्ही गेलो की ती भाकरी, चटणी पुढं करायची आणि विचारायची, "कुटं ठिवून आलासा आमच्या माणसाला?" तिच्या बोलण्यात चेष्टा असायची, चेष्टेखाली काय असायचं, ते आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

शोकसभा त्याच खोलीत झाली. माणसं जिन्यावर, खाली रस्त्यावरही उभी होती. गिरणीवाल्यानं त्या संध्याकाळी गिरणी बंद ठेवली होती. मल्लू आता युनियनचा अध्यक्ष आहे. तो उठला, दोनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "नियम त्यो नियम. अण्णांनी ज्याच्यासाठी काई केलं न्हाय, त्यानंच आज बोलावं." आणि खाली बसला. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणाचं कामावर परत घेणं, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं दवाखान्यातलं बाळंतपण... एकही माणूस उठेना.

तेवढ्यात कोपऱ्यातून नीलव्वा वहिनी उठली. "मग मीच बोलते की," ती म्हणाली. "माज्यासाठी त्यांनी काय केलं? घरात असायचेच कवा? दवाखान्याला बी एकलीच गेले मी, आन मूल हुणार न्हाय हे बी एकलीनंच ऐकलं." कुणीतरी सुरुवातीला हसलं होतं, ते मध्येच थांबलं. वहिनीचा आवाज मात्र हलला नाही. "पर त्यांच्यावर बोलाया न्हाय उठले. त्या कंत्राटी पोरींच्या लेकरांचं ऱ्हायलंय न्हवं? घरी आले की त्येच बोलायचे. मला लेकरू न्हाय, आन कारखाना मी आतनं कदी बगितला न्हाय. तुमच्या नियमाला माज्यावानी माणूस दुसरं घावायचं न्हाय. कवा जायचं साहेबाकडं, त्येवढं सांगा."

कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून मीच उठले. म्हटलं, "वहिनी, नियमात आणिक एक हाय. जायच्या आधी एक दिवस ती लेकरं सांभाळावी लागतील."

वहिनीनं पदर खोचला. मग म्हणाली, "एकच दिस?"