ताईची मोटर आणि माझं खोटं

सकाळी ताईच्या शेजारच्या काळमेघबाईंचा फोन आला. “ताई दार उघडून नाही राहिल्या, तुम्ही या बरं लवकर.” मी जरीपटक्यात तिच्या घरी पोचेपर्यंत लोकांनी कडी तोडली होती. माझी थोरली बहीण, कुमुदताई, टेबलाशी खुर्चीतच गेली होती. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. याला सहा आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं, म्हणून टाळत होतो…

ताईनं आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर ती रॉकेटं करू लागली. हातभर उंचीची, पुठ्ठ्याच्या नळीची, पातळ लाकडी पंखांची, वर जाऊन छत्री उघडून अलगद खाली येणारी. रॉकेट घरी करता येतं. अडतं ते मोटरवर. मोटर म्हणजे कारखान्यात इंधन भरलेली, बोटाएवढी, एकदाच जळणारी नळी. तिच्यावरच्या अक्षर-आकड्यांवरून जोर किती आणि छत्री किती सेकंदांनी उघडणार ते कळतं. कमजोर निवडली तर रॉकेट सुटताच कलंडतं, छत्रीला उशीर झाला तर जमिनीत घुसतं. ताई स्वयंपाकघरातल्या काट्यावर रॉकेट तोलायची आणि वहीत गणितं मांडत बसायची.

गणित सुटायचं, मोटर मिळायची नाही. सदर बाजारातल्या खेळण्यातल्या विमानांच्या दुकानात तिनं विचारलं, कुरियरवाल्यांकडे विचारलं. पेट घेणारी वस्तू म्हटल्यावर सगळे हात वर करायचे. एका फटाकेवाल्यानं तशीच नळी हातानं भरून देतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, घे की. ताई संतापली नाही, पण त्या माणसाकडे पुन्हा गेली नाही. “एकसारखी जळली नाही तं ते मोटर नाही गा, बॉम्ब आहे. पोरींसमोर मी तो पेटवू?” शाळेतल्या मुलींना एकदा तरी उडवून दाखवायचं, हे तिच्या मनात होतं.

तिचं एकच रॉकेट उडालं. बाहेरगावच्या काही हौशी मंडळींनी परवानगी काढून नरखेडजवळ, कापूस निघून गेलेल्या शेतात कार्यक्रम केला, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे दोन मोटरी ठेवल्या. मोठी लाव, मी मागे लागलो. तिनं वारा पाहिला, पलीकडच्या संत्र्याच्या बागा पाहिल्या आणि लहान उचलली. “मोठी लावली तं डोळ्याले दिसन, हाती नाही लागन.” रॉकेट वर गेलं, लाल छत्री उघडली, शंभरेक पावलांवर उतरलं. साठी उलटलेली माझी बहीण ढेकळांतून धावत गेली.

दोन वर्षांपूर्वी मी मुलाकडे अमेरिकेत गेलो. विमानात मोटर आणता येत नाही हे तिला ठाऊक होतं. तिचं मागणं एवढंच होतं की तिथल्या रॉकेटांच्या एका दुकानात जायचं आणि कागदपत्रं करून मोटरी मालवाहतुकीनं भारतात पाठवतील का, एवढं विचारायचं. दुकान मुलाच्या घरापासून वीस मिनिटांवर. मी दीड महिना राहिलो आणि गेलो नाही. कारण काहीच नव्हतं… म्हातारपणीचं खूळ, असं मनात कुठेतरी होतं. परत आल्यावर तिनं विचारलं, “काहून गा विनू, चक्कर झाली का त्या दुकानात?” मी म्हटलं, गेलो होतो, ते लोक भारतात पाठवत नाहीत. ती म्हणाली, बरं. आणि मला जेवायला वाढलं.

तेराव्यानंतर तिचं टेबल आवरताना एक छापील ई-मेल सापडला. मी परतल्यावर महिन्याभरानं तिनं स्वतः दुकानाला लिहिलं होतं: भाऊ येऊन गेला, आपला नियम कळला, तरी कधी बदलला तर कळवावं. दुकानदाराचं उत्तर होतं की असा कुणी आल्याचं आठवत नाही. परवाना असेल तर पाठवता येईल, वेळ मात्र लागतो. खाली परवान्याचा अर्ज टाचलेला होता, निम्मा भरलेला.

म्हणजे तिला माहीत होतं. त्यानंतरचे सगळे रविवार मी तिच्याकडे जेवलो, आणि तिनं एका शब्दानं विचारलं नाही. अर्जात एका जागी नातेवाइकाची साक्षीदार म्हणून सही हवी होती. ती जागा कोरी होती. बाजूला पेन्सिलीनं, तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं:

विनूले म्हणायचं नाही.