वलांडीचे निळे बांबू

त्या बांबूंची चौकशी मी अजून विसरलेले नाही. तेव्हा मी डहाणू भागात हवालदार होते.

पावसाळ्याआधीच्या वादळात किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्याची छपरं उडाली होती. एका सेवाभावी संस्थेने लगेच ताडपत्री, तांदूळ, भांडी दिली. त्यामुळे लोक तगले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे निवाऱ्यासाठी त्यांनी बांबू पाठवले, पण ते आले पाऊस सरल्यावर. तोवर लोकांनी आपापली छपरं शाकारली होती. बांबू कोळीवाड्याजवळच्या गोदामात पडून राहिले आणि एक दिवस संस्थेचे व्यवस्थापक येऊन बघतात तर गोदाम रिकामं.

त्यांनी तक्रार अर्ज दिला. संशय गोदामाच्या राखणदारावर गेला. तो नुकताच सुट्टी घेऊन तलासरीला गावी गेलेला, तिथून त्याला ठाण्यात आणलं. चोरी ठरली असती तर अटक होतीच, नोकरीही गेली असती. तरी दिवसभर त्याचं एकच, "झोप लागली, साहेब."

एवढे बांबू गेले आणि याला जाग नाही, हे कोणाला पटेना. मी सहज विचारलं, जेवतोस कुठे? "वाड्यातल्या बायका देतात," एवढं बोलून त्याने मान खाली घातली. स्वतःला वाचवणारा माणूस फार बोलतो. हा दुसऱ्या कोणासाठी तरी गप्प होता.

आम्ही बांबूच्या वखारी पालथ्या घातल्या. शेवटी बाजारातल्या ओळखीच्या मासेवालीने मला टोमणा मारला, "वखारीत काय शोधता, बाय? बोंबील सुकतात तिकडे बघा."

बोंबील सुकवायच्या वलांडी, म्हणजे बांबूंचे उंच सांगाडे, वादळात मोडल्या होत्या. आता सगळ्या नव्या उभ्या होत्या. बांबूंच्या टोकांना संस्थेने खुणेसाठी लावलेला निळा रंग तसाच होता. पंचनाम्याला आम्ही त्यांच्या शेजारूनच गेलो होतो.

एक म्हातारी दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून टांगत होती. हे चोरीचे बांबू आहेत, असं मी तिला सांगितलं.

"चोर लपवतो, बाय. आम्ही गावादेखत उभे केले. आमच्यासाठीच आलेले ना?"

राखणदाराला आणलंय हे ऐकताच ती हातातलं काम टाकून निघाली. मागोमाग इतर बायका. ठाण्यात तिने साहेबांना सांगितलं, "तो आडवा आला होता. आमच्या हातचं खातोस ना, म्हणून आम्हीच त्याला गप्प केला. आता आम्हाला कोंडा. पण आधी बोंबील उतरवू द्या, दवाने सडतील."

व्यवस्थापक तिथेच होते, भला माणूस. म्हणाले, "मागायचे होते, मावशी."

"तुमची माणसं आली, पुरुषांना होडीचं, जाळ्याचं विचारून गेली. आम्हाला कोणी विचारलं?"

त्यांनी साहेबांकडे कागद मागितला. मग सामान गरजूंना पोचलं असा जबाब देऊन त्यांनी अर्ज मागे घेतला. राखणदाराची नोकरीही राहिली.

त्यानंतर मदतवाटपाच्या बंदोबस्ताला गेले की मी रांगेपेक्षा रांगेत कोण नाही ते बघायची. देणाऱ्याचं मन साफ असतं, घेणाऱ्याचंही. तरी मधे एक प्रश्न विचारायचा राहून जातो आणि तो पोलीस ठाण्यात येतो.

पुढच्या वेळी तिकडे गेले, तर राखणदार त्याच गोदामाच्या दारात जेवत होता. आत काहीच नव्हतं. ताटात बोंबील होते.