ओस्विनच्या जस्ती नळ्या

ओबरवाल्बाखच्या चर्चमधला ऑर्गन तीनशे वर्षांचा, पण त्याच्या दर्शनी नळ्या गेरलिंडे ट्राउटफेटरच्या बापाच्या हातच्या. कैसरच्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, कथलाच्या मूळ नळ्या सरकारनं उतरवून नेल्या आणि वितळवल्या. पुढे पत्र्याची कामं करणाऱ्या तिच्या बापानं, ओस्विननं, छपराच्या जस्ती पत्र्यातून नव्या वळवल्या. आवाज जरा घोगरा, पण त्याच आवाजावर गावानं लग्नं लावली, माणसं पुरली.

गेरलिंडे शाळकरी असल्यापासून तो वाजवायची. तिला संगीताची शिक्षिका व्हायचं होतं. तेव्हा राज्य कम्युनिस्टांचं, चर्चला वैरी मानणारं, आणि हेडमास्तर झिगमार ब्लॉस पक्षाचे कट्टर. ऑर्गन सोडलास तर वाट मोकळी, असं त्यांनी तिला बोलावून सांगितलं. तिनं सोडला नाही. मग त्यांनी तिच्याविरुद्ध वर शेरा लिहून पाठवला; पुढचं शिक्षण बंद झालं आणि तिचा जन्म सरकारी शेतावर डुकरं सांभाळण्यात गेला. हिवाळ्यात बोटांना भेगा पडत, पण तिचा रविवार चुकला नाही. उंदरांनी भाता कुरतडला, की तीच चामडं डकवायची.

पुढे पक्षाचं राज्य बुडालं. ऑर्गन वाचवायला समिती झाली, आणि अध्यक्ष कोण, तर ब्लॉस. सरकारी कामं त्यांनाच जमतात, असं पाळकसाहेबांचं म्हणणं. गेरलिंडेनं ते गिळलं. ऑर्गन दुरुस्त होतोय ना, मग कोणाच्या का हातून होईना.

ऑर्गन शहरातून परत आला तो कथलाच्या नव्या नळ्या घेऊन. पाहुण्या वादकानं पहिला सूर धरला आणि तिला रडू कोसळलं. तो इतका गोड असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. समारंभ संपल्यावर ब्लॉसनी तिच्या हातात गुच्छ दिला.

“सरावाला कधी येऊ?” तिनं विचारलं.

“आता हा वारसा आहे, बाई. पदवी असलेल्यानंच हात लावायचा, असं ठरलंय. उपासनेला कीबोर्ड आणलाय की तुमच्यासाठी.”

“पदवी मला कोणी मिळू दिली नाही, मास्तर?”

“जुनं कशाला उकरता? तेव्हा दिवसच तसे होते.”

“शेरा दिवसांनी नव्हता लिहिला.”

पाळकसाहेब मेणबत्त्या सारख्या करू लागले. बापाच्या नळ्या तरी द्या, असं ती म्हणाली. त्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या.

पुढच्या रविवारी कीबोर्डवर कोणी बसलं नाही. झळाळत्या, मुक्या ऑर्गनखाली मंडळी चाचपडत, बेसूर गात राहिली. गेरलिंडे शेवटच्या बाकावर होती. तोंड मात्र तिनं उघडलं नाही.