मंगळ आणि माझं सुवाच्य अक्षर

केशोरीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो, आणि घरी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जुळत नव्हतं. तिच्या पत्रिकेत मंगळ होता. पाहुणे यायचे, पोहे संपवायचे, मुलगी पसंत आहे म्हणायचे, आणि पत्रिका नेली की आठ दिवसांत नकार यायचा. तिसऱ्या नकारानंतर ती जेवायलाच बसेना, तेव्हा माझं डोकं फिरलं.

त्या दुपारी ती पडवीत तांदूळ पाखडत होती. मी तिला वर्गातला धडाच ऐकवला. मंगळाची रुंदी पृथ्वीच्या निम्मी, वजन तर जेमतेम दहावा हिस्सा. वाटीतला भात मोठ्या गंजातल्या भाताआधी निवतो, तसा तो आतून लवकर निवला. पोटातलं वितळलेलं लोखंड घुसळलं जाईनासं झालं, त्याच्यामुळे भोवती असलेलं चुंबकाचं कवच गेलं, आणि सूर्याकडून येणाऱ्या झोतानं हवा खरवडून नेली. मुळात गुरुत्वाची ओढच कमी, त्यामुळे हवा धरून ठेवणं त्याला जमलं नाही. हवेचा दाब गेल्यावर पाणीही पाणी म्हणून टिकत नाही. काही उडालं, काही गोठलं. बरं, गुरूसारखा अवाढव्य असता तरी उपयोग नव्हता. तिथे पाय ठेवायला जमीनच नाही, हवेच्या ओझ्याखालीच चेंगरून मरायचं. आपली पृथ्वी बेताची, म्हणून आपण आहोत. ज्याला स्वतःचं पाणी राखता आलं नाही तो तुझं काय वाकडं करणार, असं मी ऐटीत विचारलं. ती हसली. त्या दिवशी पोटभर जेवली.

महिनाभरात चोरखमारा गावचं स्थळ आलं. मुलगा चांगला, धानाची शेती, तलावाचं पाणी. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं वडिलांनी ठरवलं. आमच्याकडे यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: जन्माची वेळ दोन-तीन तास सरकवायची, म्हणजे मंगळ वाईट घरातून निघतो. दिवेलागणीचा जन्म दुपारी चारचा करायचं ठरलं. घरात माझं अक्षर सुवाच्य, म्हणून नवा कागद मीच लिहिला. थोतांडाला थोतांडानंच उत्तर दिलं, अशी मनाची समजूत घातली आणि वरातीत सगळ्यांत जास्त नाचलो.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू असताना, जावयाला मलेरिया झाला. ताप डोक्यात चढला. गोंदियाला नेईपर्यंत तो गेला. तेरवीला आमची आत्या रडता रडता बोलून गेली, की पोर तर दिवेलागणीला झाली होती, देवाला कुठं फसवता येतं. बहिणीच्या सासूनं ते ऐकलं. मंगळ लपवून माझा पोरगा खाल्ला, असं ती भर पंगतीत म्हणाली आणि बहिणीला त्याच दिवशी आमच्याबरोबर पाठवून दिलं.

बहीण घरी आली. सासू बोलली याचं तिला वाईट वाटत नव्हतं. तिला सासूचं बोलणं खरं वाटत होतं, आणि तेच मला सहन होईना. मी पुन्हा धडा सुरू केला. डास, ताप, उशिरा मिळालेली गाडी. मंगळावर ना धड हवा, ना पाणी, तो निवलेला गोळा आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“हे तुले तवाबी मालूम होतं ना, दादा?”

मी हो म्हणालो.

“मंग माह्या जन्माची वेळ तू कायले बदलवली?”

मी उठून बाहेर गेलो. ती वेळ लिहिताना मलाही मंगळाची भीती वाटली होती, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.