जिन्सीच्या वहीतलं वाक्य

आधीच सांगते — भूत, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींना आमच्या घरात कधी थाराच नव्हता. आम्ही बौद्ध. 'पुरावा दाखव, मग बोल' हे वडिलांनी लहानपणीच डोक्यात पक्कं बसवलेलं. या ग्रुपवरचे असले अनुभव मी चहा पिता पिता वाचायचे आणि गालातल्या गालात हसायचे. आज स्वतःच लिहायला बसलेय... तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ एका हॉलमध्ये मी दर रविवारी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. पॉवरलूमवर काम करणारे अन्सारीभाई, एक ओडिया जोडपं, अशी आठ-दहा जणं. त्यात जिन्सी ही केरळची नर्स, इथे येऊन जेमतेम तीन महिने झालेले. 'मी भात खाते'च्या पुढे तिची गाडी सरकलेली नव्हती.

एक धडा मात्र मी वर्गात कधीच घेत नव्हते. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं — तो.

कारण आई. थंडी पडली की तिचे गुडघे धरायचे आणि वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकायला ने म्हणून ती मागे लागायची. अर्ध्या-पाऊण तासाचा तर रस्ता, पण माझं आपलं 'पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी'. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यावरूनच आमचं चांगलंच वाजलं. चपला घालता घालता मी ओरडले, "जाते मी!" या शब्दाला ती हमखास टोकायची. त्या दिवशी टोकलं की नाही माहीत नाही, मी ऐकायला थांबलेच नाही. दुपारी शेजारणीचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

या जानेवारीत वर्गाची एक दिवसाची सहल निघाली, वज्रेश्वरीलाच. जागा मुलांनी... म्हणजे विद्यार्थ्यांनी ठरवली, मी नाही. एसटीने गेलो. वाटेतल्या झाडांची नावं लिहून घेतली, देवळाची किल्ल्यासारखी तटबंदी बघितली, तिचा इतिहास मी सांगितला. मग सगळ्यांना काम दिलं — गावातल्या कुणाशीही बोला आणि त्यांचं एक वाक्य ऐकलं तसं आपापल्या लिपीत लिहून आणा. अर्थ नाही कळला तरी चालेल.

दीड वाजता झाडाखाली डबे उघडले आणि वाचन सुरू झालं. अन्सारीभाईंनी चहावाल्याचं वाक्य आणलेलं, 'सुट्टे न्हाय'. सगळे हसलो. मग जिन्सी उठली. तिची सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती. बायकांच्या कुंडात एक आजी पाय सोडून बसल्या होत्या, त्यांनी हाताला धरून शेजारी बसवलं, असं ती मोडक्या हिंदीत म्हणाली. निघताना तिने त्यांना 'मी जाते' म्हटलं, तेव्हा त्या हसल्या आणि हे बोलल्या. तिने मल्याळम अक्षरांवर बोट ठेवून एकेक शब्द सुटा सुटा वाचला.

"टकळे, डबा इसरलीस गो. सुकट हाय त्यात. जाते नको बोलूस, येते बोल."



'येते बोल' कुठलीही म्हातारी म्हणेल, कबूल. पण टकळे? मी लहानपणी फार बडबड करायचे म्हणून हे नाव आईने ठेवलेलं, आणि तिच्याशिवाय मला त्या नावाने कुणीही हाक मारलेली नाही. आणि डबा... त्या सकाळी रागाच्या भरात मी डबा ओट्यावरच ठेवून गेले होते. भाकरी आणि सुकटीची, म्हणजे सुक्या जवळ्याची, चटणी. अंत्यविधीला आलेले सगळे पाहुणे गेल्यावर मीच तो रिकामा केला, घासला, आणि हे आजवर एका माणसाला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

"मॅडमजी, ये सुकट क्या होता है?" अन्सारीभाई विचारत होते.

मी उठले आणि जिन्सीला घेऊन धावतच कुंडावर गेले. बायकांच्या कुंडाच्या दाराला कुलूप होतं. झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "कालधरनं उपसायला काढलंय. आत कोण न्हाय." फटीतून बघितलं. पाणी नव्हतं. कोरड्या पायऱ्या, एक बादली. जिन्सी पुन्हा पुन्हा त्याच दाराकडे बोट दाखवत होती आणि तिच्या सलवारीतून अजून पाणी ठिबकत होतं. मी हात लावला. ते गरम होतं.

मग जिन्सीने हळूच माझा दंड धरला, बस सुटायची वेळ झाली होती. मी दाराकडे बघून म्हटलं, "येते गं."

वहीचं ते पान मी मागून घेतलं. दुसऱ्या दोन मल्याळी माणसांना वाचायला लावलं, दोघांनी तेच वाचलं. जिन्सी बिचारी घाबरलीय, तिला वाटतं तिचं काहीतरी चुकलं. वडील असते तर पुरावा मागितला असता. पुरावा माझ्या कपाटात आहे, पण तो कशाचा आहे ते मला आजही सांगता येत नाही.